बोलेरो पिकअपला साऊंड सिस्टीम आणि चोरी होऊ नये म्हणून काय काय बसवावं? बजेट ३० हजार आहे.

पहिले पैसे चोरीच्या बंदोबस्ताला घाला, गाण्याला नंतर. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात, म्हणून लिहायला बसलो.

आमची पिकअप ओतूरची. टोमॅटो, कोथिंबीर, कांदा भरून माळशेज घाटाने वाशीला जाते. नवी घेतली तेव्हा थोरल्या भावाने जीपीएस ट्रॅकर बसवून घेतला. मी म्हटलं, त्याच्या जोडीला गिअरची दांडी जागेवर अडकवणारं गिअर लॉक घेऊ आणि स्टार्टरच्या वायरीत एक लपवलेला खटका (स्विच) टाकू, तो चालू केल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही. दादा म्हणाला, "मोबाईलवर गाडी दिसतीय की! ड्रायव्हर खटका विसरंल आन माल वाशीत सडंल." दोन दिवस आम्ही बोललो नाही. शेवटी दोन्ही गोष्टी मी माझ्या पैशाने बसवल्या.

दीड वर्षाने एका पहाटे ड्रायव्हर दारात हाका मारायला लागला, गाडी जागेवर नाही. धावत गेलो तर शंभर पावलांवर, रस्ता वळतो तिथे बांधाला नाक टेकून उभी. स्टेअरिंगचं लॉक हिसडून तोडलेलं, खालचं प्लास्टिक फोडलेलं, किल्लीच्या वायरी सोलून एकमेकींना पिळलेल्या. खटका बंद होता म्हणून सेल्फ (स्टार्टर) लागला नव्हता. मग धक्का मारून चालू करायला बघितली असणार. गिअर लॉक मी रिव्हर्सला लावायची सवय ठेवली होती. क्लच दाबून गाडी पुढे ढकलता येते, पण क्लच सोडला की रिव्हर्समुळे इंजिन उलटं फिरायला बघतं आणि गाडी जागीच अडते. मागच्या चाकांनी मातीत ओढल्याच्या हात-हातभर रेघा होत्या. मी मोजल्या. चार ठिकाणी. चार वेळा प्रयत्न केला त्यांनी, आणि सोडून गेले.

ट्रॅकर शेजारच्या उसात सापडला, वायरी तुटलेल्या. मोबाईलवर शेवटची वेळ २:१७. आम्ही सगळे झोपलेलो. ट्रॅकर वाईट नाही, पण तो गाडी कुठे गेली ते सांगतो, तेही वायर तुटेपर्यंत. गाडी जाऊ देत नाही तो खटका आणि लॉक. ट्रॅकर घेतलाच तर आत स्वतःची बॅटरी असलेला घ्या आणि डॅशखाली बसवू नका, चोर पहिला हात तिथेच घालतो.

आता साऊंड. सिंगल केबिनमध्ये सीटमागे जागाच नसते, मोठा बॉक्स कोंबू नका. सीटखाली बसणारा चपटा सबवूफर (जाड आवाजाचा स्पीकर), दोन दारांत चांगले स्पीकर आणि एक साधा ॲम्प्लिफायर खूप झाला. स्पीकरआधी दाराच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारा पट्टा) चिकटवा, नाहीतर पत्राच वाजतो. ॲम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात टाका. फ्यूज लांब असला तर मधली वायर पत्र्याला घासून जळते तेव्हा तो काही करू शकत नाही. पत्र्यातून वायर जाते तिथे भोकाला रबरी ग्रोमेट (कडं) हवंच. वायर घेताना ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. अर्थिंगच्या जागेचा रंग घासून काढा. सिग्नलची (गाण्याचा आवाज नेणारी) वायर करंटच्या वायरीजवळून नेली की रेसबरोबर कुईऽऽ आवाज वाढत जातो, दोन्ही वेगवेगळ्या बाजूंनी न्या. रात्री घाटात ड्रायव्हरला गाणी लागतात, त्यामुळे या खर्चाला माझा विरोध नाही.

खटक्याचं एक नीट समजून घ्या. तो फक्त सेल्फच्या बारीक वायरीत टाकायचा. इंजिन चालू असताना बंद पाडेल असा कुठेही टाकू नका, घाटात गाडी बंद पडली तर पॉवर स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकचा जोरही जातो. नुसत्या खटक्यावर मात्र विसंबू नका, उतारावर डिझेल गाडी धक्क्याने चालू होते. गिअर लॉक त्यासाठीच. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी विचारून घ्या. विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर चोरीचा एक रुपया मिळत नाही, आणि वरून बसवलेली साऊंड सिस्टीम पॉलिसीत लिहून घेतली नसेल तर तिचेही नाही.

दादाचं एक खरं निघालं. नवा ड्रायव्हर वाशीत एकदा खटका विसरला आणि पाऊण तास मेकॅनिक शोधत फिरला. आता नवीन माणूस आला की किल्ली हातात देताना मी आधी त्याचा हात धरून खटक्यावर नेतो. दादा शेजारी उभा असतो. हल्ली काही बोलत नाही.