पाढे पाठ, पण गुणाकार अडतो

प्रश्न : ताई, माझी नात दुसरीत आहे. बे ते दहाचे पाढे मी तिच्याकडून तोंडपाठ करून घेतले. तरी ‘एका पाकिटात चार पेन्सिली, तर तीन पाकिटांत किती?’ असं विचारलं की ‘आजोबा, अधिक करू की वजा?’ म्हणते. शाळेतल्या बाई वहीत ठिपक्यांच्या ओळी काढायला लावतात. यात वेळ वाया जात नाही का? आणि हे ठिपके काढायचे तरी कुठवर?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : पाढे पाठ करून घेतलेत हे चांगलंच केलंत, ते सोडू नका. पण ‘तीन चोक बारा’ म्हणताना नातीच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. बाई नेमकं तेच आणू पाहताहेत, आणि मी बाईंच्या बाजूने आहे.

परवचा म्हणायच्या वेळी मूठभर चिंचोके घेऊन बसा. आडव्या ओळीत तीन, त्याखाली पुन्हा तीन, अशा चार ओळी. चिंचोके घरंगळतात, ओळी वाकड्या होतात आणि मूल गोंधळतं. म्हणून खाली गणिताची चौकटीची वही ठेवा, एका चौकटीत एक. बरीच मुलं एकेकावर बोट ठेवत बारापर्यंत जातात. नातही तसंच करत असेल तर सगळ्यावर जाड कागद झाका आणि एकेक ओळ उघडा. तीन, सहा, नऊ, बारा. पाढा आपसूक तोंडात येईल. प्रत्येक ओळ सारखी आहे, म्हणून एकेक मोजायला नको, हे तिचं तिलाच उमगू द्या. तुम्ही सांगायची घाई करू नका.

मग तिला उठवून वहीच्या शेजारच्या बाजूला बसवा. आता तिला तीन ओळी दिसतील, दर ओळीत चार. चार त्रिक बारा. चिंचोके तेवढेच! पेन्सिलींचं गणित इथेच आहे : एक पाकीट म्हणजे एक ओळ.

तेच बारा चिंचोके देऊन आणखी कशा पूर्ण ओळी लागतात ते शोधायला सांगा. सहाच्या दोन लागतील, बाराची एक लागेल. मग हळूच एक चिंचोका वाढवा. तेरा काही केल्या एकाच ओळीत बसतात, आणि मुलं त्याच्याशी बराच वेळ झटतात. झटू द्या.

सात आठे कितीदा तरी विसरलं जातं. तेव्हा सात-सात ठिपक्यांच्या आठ ओळी काढून पाचव्या ओळीखाली रेघ मारा. वर सात पंचे पस्तीस, खाली सात त्रिक एकवीस, मिळून छप्पन्न. पाढा अडला तरी उत्तर काढता येतं, हा धीर मुलाला फार मोलाचा असतो. म्हणूनच पाहुण्यांसमोर उभं करून ‘सात आठे किती?’ विचारू नका, ही माझी कळकळीची विनंती.

कुठवर, तर ओळी मनात दिसू लागेपर्यंत. पुढे ठिपके जातात आणि नुसता आयत उरतो. तिला पुढे 23 गुणिले 14 करायचं असेल, तेव्हा याच आयताची एक बाजू 20 आणि 3, दुसरी 10 आणि 4 अशी तोडायची. चार तुकडे होतात : 200, 30, 80 आणि 12. बेरीज 322.