टेस्टर आधी तपास, मग लाइन

वायरमनच्या परीक्षेला बसतोयस म्हणून सांगतो. सर्किटची आकृती तुला येईल, रोज हातातलंच काम आहे. पोरं अडकतात ती सप्लाय बंद करून दाखवताना.

एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, खाली पाडला म्हणजे लाइन मेली, वायरीत वीज उरली नाही, असं धरू नकोस. बंद कर, कुलूप लाव, ‘काम चालू आहे’ची पाटी अडकव, चावी स्वतःच्या खिशात. मग दोन वायरी जोडलेला टेस्ट लॅम्प आधी चालू सॉकेटवर पेटवून बघ. नंतर कामाच्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग, न्यूट्रल-अर्थिंग, तिन्ही तपास. आणि परत त्या चालू सॉकेटवर जा. मधेच दिवा उडाला असेल तर ‘लाइन मेली’ हे खोटंच ठरतं. हा शेवटचा फेरा विसरू नकोस. पेनासारख्या टेस्टरवर तर अजिबात विसंबू नकोस.

सांगलीत गावभागातल्या एका घरात मेन माझ्या हातानं पाडला होता, तरी बोर्डात २३० व्होल्ट. माळ्यावर इन्व्हर्टर होता, मी विचारलंच नव्हतं. टेस्ट लॅम्प भक्कन पेटला म्हणून वाचलो. तेव्हापासून दारातच विचारतो, ‘काकू, इन्व्हर्टर आहे का? सोलर?’

मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, तोही लाइन मेल्याची खात्री झाल्यावरच लाव, ५०० व्होल्टचा. रीडिंग एक मेगओहमच्या खाली आलं तर ओल शोध. २०१९ च्या पुरात बुडालेल्या घरांत हे फार बघितलं.

परीक्षकासमोर प्रत्येक पायरी तोंडानं बोलत कर. घाई करू नकोस.