'कन्सोल एक्सक्लूझिव्ह'ला मराठीत काय म्हणावं?

दिग्रसकडच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो गेमविषयी मराठीत लिहितो आणि मनापासून लिहितो. 'हेलडायव्हर्स २' हा गेम २०२४ च्या फेब्रुवारीत आला, तेव्हा एका इंग्रजी बातमीत त्याला 'प्लेस्टेशनचा कन्सोल एक्सक्लूझिव्ह' म्हटलं होतं. (कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र; प्लेस्टेशन त्यातलंच एक.) याने मराठीत लिहिलं, "या गेमवर प्लेस्टेशनची मक्तेदारी आहे, पीसीवाल्यांना तो मिळणार नाही." त्याच संध्याकाळी एका वाचकाने आपल्या पीसीवर तोच गेम चालू असल्याचं चित्र पाठवलं. आता हा विचारतो, "काका, मले सांगा, चुकलं कोठं? अन् एक्सक्लूझिव्हले चांगला मराठी शब्द कोणता? 'अनन्य' लिहिलं तं पोट्टे हासतात."

आधी चुकलं कुठे ते सांगतो. 'कन्सोल एक्सक्लूझिव्ह' या जोडीत 'कन्सोल' हा शब्द कुंपणासारखा आहे. हा गेम कन्सोलांपैकी एकावरच मिळेल, एवढंच ती जोडी सांगते. पीसी त्या कुंपणाबाहेर उभा आहे, त्याच्याविषयी ती बोलतच नाही. 'हेलडायव्हर्स २' प्लेस्टेशन ५ वर आणि पीसीवर एकाच दिवशी आला होता. नव्हता तो एक्सबॉक्स या मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलवर. तिथेही तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये पोचला. म्हणजे तू वाचलं ते बरोबर होतं. इंग्रजीने अर्धं वाक्य गिळलं होतं आणि ते मराठीत भरून काढायचं राहून गेलं.

हे अर्धं वाक्य मराठी एका अक्षरात भरून काढते. 'कन्सोलांत प्लेस्टेशनवरच.' आपला 'च' जिथे लावावा तिथेच कुंपण पडतं. 'प्लेस्टेशनवरच मिळतो' म्हटलं की बाकी सगळी दारं बंद. 'कन्सोलांत प्लेस्टेशनवरच मिळतो' म्हटलं की पीसीचं दार उघडं राहिलं. 'प्लेस्टेशनवर मिळतोच' म्हटलं तर अर्थच फिरला. मिळण्याची खात्री झाली आणि कुंपण गेलं. एखादा पोरगा "तो गेम पीएसवरच हाये, आपल्या कम्प्युटरवर नाई" असं म्हणतो, तेव्हा त्याने एक्सक्लूझिव्ह या शब्दाचं पूर्ण भाषांतर केलेलं असतं, त्याला ते ठाऊक नसलं तरी.

पण बातमीला नाम-विशेषण लागतं, मथळ्याला जोड लागते, सगळीकडे 'वरच' बसत नाही. म्हणून शब्दांकडे येऊ.

'अनन्य'ला पोट्टे हसतात ते मराठीचा तिटकारा आहे म्हणून हसत नाहीत. त्यांच्या कानावर हा शब्द कीर्तनात पडलेला आहे. अनन्यभाव, अनन्य शरण. दुसरा कोणी नाही अशी भक्ताची अवस्था. कायद्याच्या मराठीत 'अनन्य अधिकार' म्हणतात आणि तिथे तो शोभतो, कारण तिथे खरोखर अधिकाराची गोष्ट असते. गेमला 'अनन्य' म्हटलं की मात्र तो अद्वितीय, अजोड आहे असं ऐकू येतं. गेम सुमार असूनही एक्सक्लूझिव्ह असू शकतो. ही अडचण खरी आहे, तेव्हा 'अनन्य' सोडून दे.

'मक्तेदारी' जास्त चुकीचा. मक्ता म्हणजे ठरलेली रक्कम भरून एखाद्या गोष्टीच्या वसुलीचा किंवा विक्रीचा हक्क घेणं, आणि मक्तेदारी म्हणजे त्या मालाचा सगळा बाजार एकाच्या मुठीत असणं. प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीकडे गेमच्या बाजाराची मक्तेदारी नाही; शेजारी निन्टेन्डो आहे, मायक्रोसॉफ्ट आहे, पीसीवर स्टीम हे ऑनलाइन दुकान आहे. आपण निर्मिलेला गेम कोणत्या दारातून विकायचा हे मालकाने ठरवणं, याला मक्तेदारी म्हटलं तर आपल्या शेतातली तूर कोणत्या अडत्याकडे न्यायची हे ठरवणारा शेतकरीही मक्तेदार होईल.

तिसरा शब्द तू विचारला नाहीस, पण विदर्भातल्या माणसाच्या तोंडी तो आधी येतो, म्हणून त्यावर थांबतो. 'एकाधिकार'. माझ्या पिढीला हा शब्द पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९७१ चा कायदा झाला, १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि पुढची तीसेक वर्षं कापूस विकायचा तो सरकारी केंद्रावरच. संकलन केंद्रापुढची बैलगाड्यांची रांग, ग्रेडरने बोंडातून ओढून पाहिलेला धागा, हप्त्याहप्त्याने मिळणारा चुकारा हे सगळं त्या एका शब्दात आहे. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की रात्री सीमेपलीकडे जाणारा कापूसही त्यातच आहे. शब्द इतका जिवंत, मग तो गेमला का लावू नये? कारण दिशा उलटी आहे. कापसात विकणारे लाखो होते आणि घेणारा एक. तो खरेदीचा एकाधिकार होता. गेममध्ये घेणारे लाखो आणि दार एक. वऱ्हाडातला वाचक 'प्लेस्टेशनचा एकाधिकार' वाचेल तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे उलटं चित्र उभं राहील. एखाद्या शब्दाला आपल्या मुलखाची इतकी ताजी आठवण असेल तर तो जपून वापरावा असं मला वाटतं.

आता ज्यावर मला खरं बोलायचं आहे ते. एक्सक्लूझिव्ह या एकाच चिठ्ठीखाली दोन अगदी वेगळे व्यवहार झाकलेले असतात आणि आपल्याकडे दोहोंना वेगळे शब्द आहेत.

पहिला व्यवहार घरच्या मालाचा. मारिओचे मोठे गेम निन्टेन्डोच्याच यंत्रावर, कारण मारिओ त्यांच्या घरी जन्मला. 'गॉड ऑफ वॉर' सोनीच्या स्वतःच्या स्टुडिओचा. कधी घर विकत घेऊनही माल घरचा होतो. 'हेलो' हा गेम १९९९ मध्ये ॲपलच्या व्यासपीठावरून मॅक संगणकासाठी दाखवला गेला होता. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी ही कंपनीच घेतली आणि २००१ मध्ये 'हेलो' आला तो एक्सबॉक्ससोबत. मॅक आणि पीसीवाल्यांना २००३ पर्यंत थांबावं लागलं. अशा गेमला साधं 'घरचा गेम' म्हण. 'सोनीचा घरचा गेम.' कळायला काही उरत नाही.

दुसरा व्यवहार मुदतीचा. गेम दुसऱ्याचा, पण पहिले काही महिने आमच्याकडेच विकायचा असा करार. 'फायनल फॅन्टसी ७ रीमेक' हा गेम स्क्वेअर एनिक्स या कंपनीचा. २०२० च्या एप्रिलमध्ये तो एका वर्षाच्या बोलीवर प्लेस्टेशन ४ वर आला. पीसीवर डिसेंबर २०२१ मध्ये, आणि तिथेही आधी एपिकच्या ऑनलाइन दुकानात. स्टीमवर यायला २०२२ चा जून उजाडला. हा व्यवहार वरुड-मोर्शीकडच्या कोणत्याही संत्रा बागायतदाराला एका वाक्यात समजेल. व्यापारी झाडावरचा आंबिया बहार घेतो. फळ तोडायचा हक्क त्याचा, झाड शेतकऱ्याचंच. पुढचा मृग बहार कोणाला द्यायचा ते शेतकरी पाहील.

याला जुना शब्द आहे 'इजारा', अरबीतून आलेला, भाड्याने किंवा पट्ट्याने देणं. यवतमाळ जिल्ह्यात गावांच्या नावामागे 'इजारा' लागलेलं तू पाहिलं असशील, तुझ्या दिग्रसपासून ती गावं लांब नाहीत. एकोणिसाव्या शतकात ओसाड पडलेली गावं मुदतीच्या पट्ट्याने वसवायला दिली, त्याची ही खूण. आणि आपला अख्खा वऱ्हाडच पट्ट्यावर होता: १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांकडे सोपवला आणि १९०२ च्या कराराने वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा भाडेपट्टा झाला. मुदतीचा आणि कायमचा, दोन्ही पट्टे या मातीने पाहिले आहेत. म्हणून 'टाइम्ड एक्सक्लूझिव्ह'ला मी मनात 'मुदतीचा इजारा' म्हणतो. लेखात तू तो एकदा समजावून वापरलास तर मला आनंद होईल. रोजच्या बातमीत मात्र वीस वर्षांच्या वाचकाला तो अडेल, आणि अडलेला वाचक इंग्रजी शब्दाकडेच परत जातो.

मग रोजच्यासाठी काय? माझं उत्तर: '-पुरता'.

'प्लेस्टेशनपुरता गेम.' 'एक्सबॉक्सपुरती मालिका.' 'कन्सोलपुरतं प्रकाशन.' हा शब्द तू रोज वापरतोस. गावापुरता, नावापुरता, कामापुरता, आपल्यापुरतं पाहणं. पुरणे या क्रियापदातून आलेला, आणि त्यात एक गंमत आहे: सुटा असला की तो 'संपूर्ण' होतो, जसं 'पुरता बुडाला'; नामाला चिकटला की 'तेवढाच, त्यापलीकडे नाही' होतो. एक्सक्लूझिव्हमधला हद्द आखण्याचा अर्थ त्यात नेमका आहे, आणि कौतुकाचा किंवा दादागिरीचा वास अजिबात नाही. शिवाय तो काळालाही लागतो. 'वर्षापुरता प्लेस्टेशनवर' म्हटलं की इजाऱ्याची मुदतही सांगून झाली. 'एपिकपुरता' म्हटलं की पीसीवर असूनही एकाच दुकानात असलेला गेम सांगून झाला. इंग्रजीला यासाठी दरवेळी नवी जोडी बनवावी लागते.

लिहिताना तो आधीच्या शब्दाला जोडून लिही. मराठी नामाचं सामान्यरूप होतं, गाव-गावापुरता, पण नवी नावं बहुधा तशीच राहतात. 'प्लेस्टेशनापुरता' कोणी म्हणत नाही.

ही हद्द हलते आहे, म्हणूनही 'मक्तेदारी'सारखा जड शब्द नको. कन्सोलचा डबा कमी नफ्यात, कधी तोट्यातही विकायचा आणि गेमच्या विक्रीतून कमवायचं हा जुना हिशेब. घरचा गेम हा तो डबा घरी आणायचं कारण. पण गेम बनवायचा खर्च इतका वाढला की एका डब्याची गिऱ्हाइकं पुरेनाशी झाली. मायक्रोसॉफ्ट आपले नवे गेम एक्सबॉक्सवर आणि पीसीवर बरोबरच आणू लागलं. सोनीचा 'होरायझन झीरो डॉन' २०१७ चा, पीसीवर २०२० मध्ये. 'गॉड ऑफ वॉर' २०१८ चा, पीसीवर २०२२ मध्ये. 'ब्लडबोर्न' मात्र २०१५ पासून प्लेस्टेशनपुरताच राहिला आहे आणि त्याची वाट पाहणारे पीसीवाले थकले आहेत.

यात आपला स्वतःचा अनुभव आहे, तो विसरू नये. २००४ च्या सुमारास तालुक्याच्या गावी माझं चार संगणकांचं केंद्र होतं. भारनियमनाची वेळ टाळून पोरं 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतला 'व्हाइस सिटी' खेळायला यायची. त्यांच्या लेखी तो 'कम्प्युटरचा गेम'. घरी टीव्हीला जोडायचा तो 'टीव्ही गेम', त्याच्या 'कॅसेटी' वेगळ्या, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे कोणाच्या मनातही नव्हतं. खरं तर 'व्हाइस सिटी' २००२ च्या ऑक्टोबरात आधी प्लेस्टेशन २ वर आला होता आणि संगणकावर २००३ च्या मेमध्ये. आपल्या गावात प्लेस्टेशन कोणी पाहिलंच नव्हतं, म्हणून ती वाट पाहणं आपल्याला जाणवलं नाही. मालिकेतला सहावा भाग २०२३ मध्ये जाहीर झाला तो प्लेस्टेशन ५ आणि नव्या एक्सबॉक्सचं नाव घेऊन, पीसीचं नाव त्यात नव्हतं. यावेळी गावागावातल्या पोरांना ते लगेच कळलं. शब्दाची गरज तेव्हा नव्हती, आता आहे.

कन्सोलवरचा गेम पीसीवर आणण्याला 'पोर्ट करणं' म्हणतात, त्याविषयीही तू ओझरतं विचारलं आहेस. 'रूपांतर' म्हटलं तर कादंबरीचं नाटक झाल्यासारखं वाटतं. मी 'कलम' सुचवीन. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. फळ संत्र्याचंच, मुळं दुसऱ्याची. गेम तोच, खालचं यंत्र दुसरं. आणि डोळा कधी धरतो, कधी धरत नाही. 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' २०२३ च्या मार्चमध्ये पीसीवर आला तेव्हा तो इतका अडखळत चालायचा की दुरुस्त्यांवर दुरुस्त्या द्याव्या लागल्या. 'पीसीचं कलम नीट धरलं नाही' हे वाक्य आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

तर तुझं चुकलेलं वाक्य असं लिही: "हा गेम कन्सोलांत प्लेस्टेशनपुरता आहे, पीसीवरही त्याच दिवशी मिळेल."

एक राहिलं. '-पुरता' लिंगाप्रमाणे बदलतो, म्हणून 'गेम'चं लिंग ठरवावं लागेल. आपल्याकडे 'गेम आला' म्हणतात, पुण्या-मुंबईकडे 'गेम आली' पुष्कळ ऐकू येतं. मी आपल्याकडचं पुल्लिंग धरलं आहे. तू काहीही धर, पण एका लेखात 'गेम'साठी 'पुरता' आणि 'पुरती' दोन्ही येऊ देऊ नकोस.