ब्राउझरच्या अटी, सासूबाईंच्या पाककृती आणि पाहुण्यांची आधारकार्डे

आपले पत्र मिळाले. वेंगुर्ल्याजवळ आपण ‘निवास व न्याहारी’ चालवता, पाहुण्यांची आधारकार्डे संगणकावर घेता आणि सासूबाईंच्या मालवणी पाककृती स्वतःच्या शब्दांत ब्राउझरमध्येच लिहून काढता. फायरफॉक्स या ब्राउझरच्या अटींवरून उठलेला गदारोळ ऐकून, हे सारे आता कंपनीचे झाले का, असे आपण विचारले आहे. झालेले नाही.

फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिला कंपनीने फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस जाहीर केलेल्या अटींत, ब्राउझरमधून भरलेली माहिती वापरण्याचा विनामोबदला व जगभर चालणारा परवाना कंपनीला मिळतो, असे वाक्य होते. आपल्या वापरानुसार मदत करण्यापुरताच तो परवाना होता खरा, पण ही मर्यादा वाक्याच्या शेपटाला होती आणि लोक बिथरले ते आधीच्या शब्दांनी. त्यातच माहिती कधीही न विकण्याचे जुने आश्वासन काढले गेले. काही ठिकाणच्या कायद्यांत ‘विक्री’ची व्याख्या फार व्यापक आहे, हे कंपनीचे स्पष्टीकरण खोटे नव्हे, तरीही लोकांचा राग मला रास्त वाटतो. दोन-तीन दिवसांतच ते वाक्य बदलले आणि मजकुरावर कंपनीची मालकी येत नाही, हे स्पष्ट लिहिले गेले.

हंगामापुरती आंब्याची झाडे कराराने दिली म्हणून सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही. परवाना आणि हस्तांतरण यांत तसाच फरक आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी व हक्क देणाऱ्याच्या सहीचे लागते. अर्थात आपला हक्क आपल्या लिखाणावर आहे; बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे किती घालावीत, यावर कुणाचीच मालकी नसते.

आधारकार्डांबाबत मात्र मला ब्राउझरपेक्षा आपलीच काळजी वाटते. तीन हंगामांच्या प्रती ‘डाउनलोड्स’मध्ये पडून आहेत आणि तोच संगणक मुले खेळायला घेतात, हे आपणच ओघात लिहिले आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य कर्तव्ये त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात; तेव्हा या प्रती सांभाळण्याची जबाबदारी कायद्याने आपल्यावर येईल. यापुढे शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार घ्यावे, नोंदीसाठी लागत नाहीत त्या जुन्या प्रती पुसाव्यात आणि मुलांसाठी संगणकावर वेगळे खाते उघडावे. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये तांत्रिक माहिती कंपनीला पाठवण्याचा पर्याय आहे, तो बंद करता येतो.