अमेरिकन नेत्यांचं सर्वात शहाणं आणि सर्वात चुकलेलं वाक्य कोणतं?

माझ्या मते दोन्ही एकाच माणसाची आहेत: जेराल्ड फोर्ड.

वॉटरगेट प्रकरणामुळे, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी दडपण्याच्या प्रयत्नामुळे, राष्ट्राध्यक्ष निक्सन पायउतार झाले आणि ९ ऑगस्ट १९७४ रोजी फोर्ड यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. तेव्हा ते म्हणाले, आपलं दीर्घ राष्ट्रीय दुःस्वप्न संपलं, आपली राज्यघटना काम करते, इथे राज्य कायद्याचं आहे, माणसांचं नाही. हादरलेल्या देशाला इतक्या साध्या शब्दांत धीर देणं फार थोड्यांना जमतं.

आणि मग ६ ऑक्टोबर १९७६. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतले प्रतिस्पर्धी जिमी कार्टर यांच्याबरोबरच्या जाहीर वादचर्चेत फोर्ड बोलून गेले की पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही! पोलंडमध्ये तेव्हा सोव्हिएत फौजा तळ ठोकून होत्या. पत्रकार मॅक्स फ्रँकेल यांनी चकित होऊन पुन्हा विचारलं, म्हणजे सावरायची संधीच दिली. फोर्ड यांनी मात्र पोलंडचंच नाव घेऊन तोच मुद्दा रेटला. तिथल्या लोकांनी मनाने गुलामी पत्करलेली नाही, असं त्यांना बहुधा म्हणायचं होतं. खुलासा यायला कित्येक दिवस गेले.

नोव्हेंबरात ते निवडणूक हरले. केवळ या वाक्यामुळे हरले असं मी म्हणणार नाही, त्यांनी निक्सन यांना दिलेली माफीही मतदार विसरले नव्हते.