त्याची गोळी तू होऊ नकोस

'ताई, नैराश्यासाठी पाच आठवडे वॉर्डात होते. तिथंच तो भेटला. त्याला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी उन्मादात चढतो, कधी नैराश्यात बुडतो. आता दोघंही घरी आलोय, रोज बोलतो. तो म्हणतो, तू आहेस तर मूड स्थिर ठेवणारी लिथियमची गोळी मला कशाला? दादा म्हणतो, दोन आजारी माणसांचा संसार होत नसतो. कुणाचं ऐकू?'

दादाचं मला मुळीच पटलेलं नाही. 'बरी आहेस ना?' या प्रश्नाला ज्याच्यासमोर खोटं उत्तर द्यावं लागत नाही, असा माणूस तुला भेटलाय. आजार लपवण्यानंच माणूस किती थकतो! ते ओझं त्याच्याजवळ उतरलं, म्हणून तुला हलकं वाटलं. उपचार अंगी लागायला अशी सोबत लागतेच.

लिथियमचं मात्र आजच बोल. ते एकाएकी सोडलं की उन्माद उलटण्याचा धोका मोठा असतो. 'आता गरज नाही' असं वाटणं ही कधीकधी चढत्या मूडचीच खूण असते. त्याची झोप कमी झालीय का? बोलण्याचा वेग वाढलाय का? तसं असेल तर त्यानं लगेच डॉक्टरांना गाठावं.

पण त्याच्या गोळ्या मोजत बसू नकोस. समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये लंडनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मनोरुग्णालयातून सुटून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले पुरुष, भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहिलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडले होते. पुढच्या संशोधनात कारण उलगडत गेलं: घरातली टोचणी, राग आणि जिवाला घोर लावून घेऊन केलेली अतिकाळजी. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. काळजीनंही माणूस गुदमरतो.

म्हणून दोघांचे डॉक्टर वेगळेच राहू देत. बरं असताना एकमेकांना सांगून ठेवा: माझं बिघडतंय हे कशावरून ओळखायचं, आणि तेव्हा कुणाला फोन करायचा. त्या यादीत तुमच्या दोघांखेरीज तिसरं माणूस हवंच. तो एखाद्या रात्री फोन उचलणार नाही, तेव्हा तू कुणाकडे जाशील? जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला तर त्याची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात जा. लग्न, एकत्र राहणं यांची घाई नको. आधी वॉर्डाबाहेरचे काही साधे, कंटाळवाणे महिने एकत्र काढा.

आणि दादाची त्याच्याशी एकदा गाठ घालून दे. तुला त्या अवस्थेत पाहिल्यापासून तोही घाबरलेला असणार.