न भेटता दिलेला अहवाल

प्रश्न : माझ्या पुतण्याचे लग्न मिरजेच्या एका मुलीशी ठरत आले होते. मुलीकडच्यांच्या ओळखीतील एका समुपदेशकांनी त्याला न भेटता, केवळ त्याची छायाचित्रे व फेसबुकवरील मजकूर पाहून, तो ‘संशयी व आत्मकेंद्री’ असल्याचा अहवाल दिला आणि बोलणी थांबली. अहवालावर ‘मानसशास्त्रीय मूल्यमापन’ असे लिहिले आहे. ते योग्य आहे काय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नाही. आपल्या पुतण्याचे झाले ते फार तर प्रोफाइलिंग, आणि तेही कच्चे.

प्रोफाइलिंग ही गुन्हेतपासातील पद्धत आहे. गुन्हेगार कोण हे ठाऊक नसते, म्हणून त्याने मागे ठेवलेल्या खुणांवरून तो कसा असावा याचा अंदाज बांधतात. न्यूयॉर्क शहरात वर्षानुवर्षे बॉम्ब ठेवणाऱ्या अज्ञात इसमाविषयी पोलिसांनी १९५६ मध्ये डॉ. जेम्स ब्रसेल या मनोविकारतज्ज्ञांचे मत घेतले, आणि त्यांनी केलेले वर्णन पुढे फार गाजले. (तो इसम म्हणजे जॉर्ज मेटेस्की; त्याचा माग मात्र लागला तो वीज कंपनीच्या जुन्या फायली चाळणाऱ्या एका कर्मचारी महिलेमुळे, तिची आठवण क्वचितच कोणी काढते.) जानेवारी १९५७ मध्ये अटक झाल्यावर डॉक्टरांनी त्याला रुग्णालयात ठेवून तपासले आणि खटल्याला सामोरे जाण्याजोगी त्याची मनःस्थिती नाही, असा निष्कर्ष दिला. मूल्यमापन म्हणायचे ते या दुसऱ्या कामाला.

त्यात माणूस समोर असतो, तपासणी कशासाठी आहे हे त्याला सांगितलेले असते, त्याची संमती घेतलेली असते. मुलाखती, पूर्वेतिहास, घरच्यांकडून मिळालेली माहिती आणि प्रमाणित चाचण्या एकमेकींशी ताडून पाहिल्यावरच मत दिले जाते, आणि त्या मताच्या मर्यादाही नोंदवल्या जातात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तर प्रसिद्ध व्यक्तींविषयीसुद्धा प्रत्यक्ष तपासणी व परवानगीशिवाय व्यावसायिक मत देऊ नये, असा नियम १९७३ मध्येच केला. येथे तर मुलगा सांगलीत आणि अहवाल मिरजेत. भेटीला अडचण ती कोणती होती?

पुतण्याने प्रत्युत्तर म्हणून स्वतःची तपासणी करून घ्यावी, असे मी सुचवणार नाही. लग्न टिकेल की नाही हे कोणतीही चाचणी सांगत नाही. त्या समुपदेशकांना मात्र लेखी विचारावे, की त्यांची अर्हता कोणती, भारतीय पुनर्वास परिषदेकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नोंदणी आहे काय, आणि कोणाच्या संमतीने हा अहवाल तिसऱ्याच्या हाती दिला.